गचका चित्रात दिसत नाही: कन्नड घाटाच्या ट्रॅकची दुरुस्ती

मे महिन्यात भाचा धुळ्याहून सुट्टीला आला, तेव्हा त्याच्या लॅपटॉपमध्ये आमचा घाट होता. चाळीसगावातून दक्षिणेला पाहिलं की सातमाळा-अजिंठ्याची जी भिंत दिसते, ती चढून मराठवाड्यात जाणारा कन्नड घाट. कागदोपत्री तो औट्रम घाट, १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमच्या नावाचा. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात दरडी कोसळून तो बंद पडला होता. ती पडझड शाळकरी वयात पाहिल्यापासून हा रस्ता आपण स्वतः बांधून बघायचा, असं या मुलाच्या मनात होतं. खेळात का होईना, त्याने तो बांधला. फक्त त्यावर गाडी नीट चालत नव्हती.

“मामा, गाडी उडी ऱ्हायनी,” पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला. त्याच्या आवाजात रडवेलेपणा होता, कारण चार महिने त्याने या कामात घातले होते.

ट्रॅक टॉर्क्समध्ये होता. टॉर्क्स हा मोफत, मुक्तस्रोत रेसिंग खेळ. जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो, म्हणून शिकणाऱ्या मुलांसाठी मला तो फार आवडतो. त्यातला रस्ता म्हणजे एक साधी एक्सएमएल फाइल असते. तीत तुकड्यांची यादी: सरळ, डावं वळण, उजवं वळण. सरळ तुकड्याला लांबी, वळणाला त्रिज्या आणि किती अंश वळायचं तो कोन. शिवाय शेवटची त्रिज्या, उंची, चढ आणि आडवा कल लिहिता येतो. जावामध्ये लिहिलेला एक वेगळा ट्रॅक एडिटर आहे, तो या यादीचं वरून दिसणारं चित्र दाखवतो. भाच्याने सगळं काम त्या चित्राकडे बघून केलं होतं, आणि चित्र खरोखर सुंदर होतं. घाटाचा प्रत्येक वळसा ओळखू येत होता.

चालवायला बसलो तेव्हा तीन गोष्टी जाणवल्या. तीव्र वळणांत स्टिअरिंग एका जागी धरवत नव्हतं, दर क्षणाला थोडं सोडा, थोडं ओढा. चढावर गाडीचं नाक खालीवर होत होतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: संगणक स्वतः चालवतो त्या गाड्या, म्हणजे रोबो, वळणाच्या मधोमध, काही कारण दिसत नसताना, ब्रेक मारत होत्या.

आधी गाडीवरच संशय घेतला. दुसरी गाडी घेतली, सस्पेन्शन मऊ केलं, काही फरक नाही. खेळाबरोबर आलेल्या ट्रॅकवर तीच गाडी लोण्यासारखी पळाली. म्हणजे दोष रस्त्यात होता.

फाइल उघडली. १४३ तुकडे. भाच्याने उपग्रहाच्या चित्रावर रेषा ओढत घाट गिरवला होता आणि जिथे रेषा सुटली तिथे तुकडा कापून नवी त्रिज्या दिली होती. गचका बसला की त्या जागचा तुकडा पुन्हा कापायचा. दुरुस्त करावं तितके सांधे वाढत गेले होते. वरच्या एका हेअरपिनमध्येच, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणात, १७ तुकडे होते, आणि त्यांच्या त्रिज्या ओळीने अशा: ६०, ३८, ७५, २५, ५२.

माझे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, बांधकाम खात्यात आयुष्यभर रस्त्यांवर होते. संगणकाशी त्यांचा संबंध नाही. ते मागे उभे राहून बघत होते. चित्र त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, “याना एल-सेक्शन कोठे शे?”

रस्त्याच्या कामात नकाशा एक आणि एल-सेक्शन दुसरा. आडव्या अक्षावर चेनेज, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, आणि उभ्यावर उंची. भाच्याकडे तसं काही नव्हतं. मग आम्ही आलेखाचा कागद घेऊन दोन पट्ट्या काढल्या. एकीवर दर तुकड्याचा चढ टक्क्यांत, दुसरीवर वक्रता, म्हणजे १ भागिले त्रिज्या. आबांनी खालची पट्टी स्वतः भरली. पूर्ण झाल्यावर चित्रातल्या त्या देखण्या रेषेच्या खाली कंगव्याचे दात उभे होते.

इथे सगळ्या प्रकरणाची किल्ली होती, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. दोन वळणं एकमेकांना जोडली आणि सांध्यावर दिशा जुळली, तर डोळ्यांना रेषा अखंड दिसते. टॉर्क्स दिशा आपोआप जुळवतोच. पण ६० मीटर त्रिज्येतून गाडी एकदम २५ मध्ये शिरली, तर स्टिअरिंग त्याच क्षणी दुपटीहून जास्त वळवावं लागतं. हात तेवढे झटपट नसतात, टायर तर नसतातच. दिशा अखंड आहे, पण दिशा बदलण्याचा वेग तुटलेला आहे. चाळीसगावपासून थोड्याच अंतरावर पाटणादेवीला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला त्याचा. ग्रहाची ‘तात्कालिक गती’ काढणारे ते भास्कराचार्य. ग्रह कुठे आहे आणि या क्षणी तो कसा सरकतो आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्यांनी ओळखलं होतं. भाच्याला मी हेच उदाहरण दिलं आणि तो चटकन समजला. शाळेच्या सहलीला पाटणादेवीला तो दोनदा गेला आहे.

रोबो गाड्यांचं कोडंही इथेच सुटलं. साधा रोबो वळणातला वेग ठरवतो तो घर्षण, गुरुत्व आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून. घर्षणांक १.२ धरला, तर ६० मीटर त्रिज्येला ताशी सुमारे ९६ किलोमीटर मिळतात, २५ ला सुमारे ६२. वळणाच्या मध्यात २५ चा एखादा छोटा तुकडा लपलेला असला की रोबो इमानाने ब्रेक मारतो. माणूस त्या तुकड्यावरून अंदाजाने निघून जातो, रोबोला फाइलमधला आकडाच दिसतो. त्यामुळे नवा ट्रॅक तपासताना मी आता आधी रोबो सोडतो आणि तो कुठे उगाच थबकतो ते लिहून घेतो.

आबांचं म्हणणं सरळ होतं. सरळ रस्त्यावरून वळणात जाताना मध्ये ट्रान्झिशन लागतं. त्याची वक्रता शून्यापासून हळूहळू वाढते, मग मधला वळसा एकाच त्रिज्येचा, आणि बाहेर पडताना तशीच उतरती वक्रता. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत हे कधीपासून आहे. (ही संस्था १९३४ ची. तिच्या मागे १९२७ ची रस्ते विकास समिती होती, आणि तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते. आबा हे अभिमानाने सांगतात आणि मला तो अभिमान रास्त वाटतो.)

टॉर्क्समध्ये यासाठी ‘शेवटची त्रिज्या’ हा रकाना आहे. भाच्याने लगेच १७ तुकडे पुसले आणि तीन लिहिले: ४०० मीटरवरून ४० वर येणारा, मग ४० चा, मग ४० वरून ४०० वर जाणारा. खूप सुधारणा झाली, पण वळणात शिरताना शेवटी एक ओढ राहिली. याचं कारण शोधायला मला दोन रात्री लागल्या. खेळ तुकड्याच्या आत त्रिज्या समान टप्प्यांनी बदलतो, वक्रता नव्हे. ४०० ते ४० च्या मध्यावर त्रिज्या असते २२०. आता वक्रता बघा: १/४०० म्हणजे ०.००२५, १/२२० म्हणजे ०.००४५, आणि १/४० म्हणजे ०.०२५. पहिल्या अर्ध्या टप्प्यांत वक्रतेतला जेमतेम अकरावा हिस्सा बदल होतो, उरलेला सगळा दुसऱ्या अर्ध्यात कोंबला जातो. कागदावर ट्रान्झिशन लांब, पण गाडीला ते अर्धंच मिळतं.

उपाय असा केला की वक्रतेचे तीन समान भाग पाडले. ०.००२५, ०.०१, ०.०१७५, ०.०२५. त्यांच्या त्रिज्या येतात ४००, १००, ५७ आणि ४०. म्हणजे आत जाताना तीन तुकडे: ४०० ते १००, १०० ते ५७, ५७ ते ४०. प्रत्येकी २० मीटर लांबी ठेवली तर त्यांचे कोन साधारण ५, १५ आणि २४ अंश भरतात, एकूण ४४. बाहेर पडताना हेच उलटे, आणखी ४४. पूर्ण वळसा १६५ अंशांचा होता, म्हणून ४० मीटर त्रिज्येच्या मधल्या वळशाला ७७ उरले. सतराऐवजी सात तुकडे. भाच्याने चालवून पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा मागे जाऊन चालवलं. चौथ्या वेळी म्हणाला, “मामा, स्टिअरिंग आपोआप फिरतंय.”

वळणं बसली, चढ मात्र अजून उसळत होता.

उंची त्याने एसआरटीएमच्या आकड्यांवरून घेतली होती. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून रडारने पृथ्वीची जी मोजणी झाली, ते हे आकडे, मोफत मिळणारे. त्यात साधारण दर ३० मीटरला एक उंची असते, आणि ती पूर्ण मीटरमध्ये. डोंगराचा आकार समजायला हे उत्तम आहे. रस्त्याला नाही. समजा खरा रस्ता एकसारखा ५ टक्के चढतो आहे. ३० मीटरला दीड मीटर. पूर्ण मीटरमध्ये ते एकदा १ आणि एकदा २ असं नोंदलं जातं. मग चढ होतो ३.३ टक्के, ६.७ टक्के, ३.३, ६.७. शिवाय घाटाचा रस्ता म्हणजे कड्याच्या कुशीत कोरलेली अरुंद पट्टी. ३० मीटरच्या चौकोनात वरचा कडा आणि खालची दरी दोन्ही मिसळतात, त्यामुळे भाच्याच्या फाइलमध्ये काही ठिकाणी रस्ता चढता चढता मध्येच उतरत होता.

ताशी ९० ने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने जाणारी गाडी ३.३ टक्क्यांच्या अशा सांध्यावर आली, तर तिला सेकंदाला ८० सेंटिमीटरहून जास्त उभा वेग एकदम घ्यावा लागतो. टॉर्क्स गाडीचं भौतिक गणित सेकंदाला ५०० वेळा करतो. दोन गणितांमध्ये या वेगाची गाडी ५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. सांधा तेवढ्यात येऊन जातो आणि सगळा धक्का सस्पेन्शनवर बसतो.

आम्ही एसआरटीएमचे आकडे बाजूला ठेवले. फक्त पायथा, माथा आणि मधल्या सात जागा अशा नऊ उंच्या धरल्या. बाकी चढ आबांनी आखला, पूर्वी आखायचे तसा पेन्सिलीने, पट्टी ठेवून. घाटासाठी कमाल ६ टक्के. हेअरपिनमध्ये चाळीसला एक, म्हणजे अडीच टक्के. हा नियम डोंगरी रस्त्यांच्या मानकात आहे आणि रेसच्या ट्रॅकलाही तो लागू पडतो: गाडी आडवी ओढली जात असताना तिला जोरात चढायलाही लावू नये. दोन वेगळ्या चढांच्या मध्ये उभं वर्तुळ, त्रिज्या ६०० मीटर. माथ्यावर ६ टक्के चढातून २ टक्के उतारात जायचं तर ८ टक्क्यांचा फरक, म्हणजे ४८ मीटर लांबी. २५ मीटर वेगाला तिथे गाडी साधारण एक दशांश हलकी होते. ते जाणवतं आणि छान वाटतं.

टॉर्क्समध्ये उंचीसाठी वेगळी यादी नाही, ती त्याच तुकड्यांना चिकटलेली असते. त्यामुळे उभं वर्तुळ जिथे सुरू होतं तिथे सरळ रस्ता मुद्दाम कापावा लागतो. तेवढं कापणं रास्त, कारण सरळ रस्ता कापला तरी तो सरळच राहतो. आम्ही एक पथ्य पाळलं की आडवा सांधा आणि उभा सांधा एका जागी येऊ द्यायचा नाही.

सगळं लिहून झालं, उंचीचा प्रकार ‘स्प्लाइन’, म्हणजे गुळगुळीत वक्ररेषा, निवडला, गाडी सोडली. तेच गचके.

इथे आम्ही सगळेच खचलो होतो हे खरं. भाचा म्हणाला, “माझंच काहीतरी चुकतंय,” आणि लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइलचा वरचा भाग वाचताना सापडलं: उंचीच्या टप्प्याची लांबी २० मीटर ठेवलेली होती. स्प्लाइन निवडली तरी खेळ तिचे सरळ सरळ टप्पे पाडतो. ६०० मीटरच्या उभ्या वर्तुळात २० मीटरचे टप्पे म्हणजे दर सांध्याला २०/६००, पुन्हा तेच ३.३ टक्के. आकडा ४ केला. सांधा ०.६७ टक्क्यांवर आला आणि उसळी गेली. २ मीटर करूनही पाहिलं, थोडं आणखी मऊ झालं, पण ज्या त्रिकोणांनी खेळ रस्ता रेखाटतो ते वाढून भाच्याचा लॅपटॉप अडखळू लागला. मग घाटाला ४ मीटर ठेवले आणि फक्त माथ्याच्या दोन तुकड्यांना २.

आडव्या कलाची चूक लहान होती, पण ती सहज कोणाकडूनही होईल. डोंगरी रस्त्याला सुपर एलिव्हेशन १० टक्क्यांपर्यंत चालतं हे आबांनी सांगितलं, भाच्याने फाइलमध्ये १० लिहिले. त्या फाइलमध्ये चढ टक्क्यांत असतो आणि कल अंशांत. १० अंश म्हणजे १७.६ टक्के. शिवाय तो सगळा कल १० मीटरच्या तुकड्यात दिलेला. रस्ता १० मीटर रुंद आणि मधल्या रेषेभोवती कलतो, म्हणजे बाहेरची कड १० मीटरमध्ये ८८ सेंटिमीटर वर उचलली जात होती. बाहेरून वळण घेणाऱ्या गाडीसाठी तो जवळजवळ ९ टक्क्यांचा उंचवटाच. १० चे ५.७ केले आणि कल ट्रान्झिशनच्या पूर्ण ६० मीटरवर पसरवला. कड आता ६० मीटरमध्ये अर्धा मीटर उचलली जाते, कोणाला कळतही नाही.

राहिला प्रश्न ट्रॅकची दोन टोकं जुळवण्याचा. खरा घाट कन्नडला जातो, परत येत नाही. टॉर्क्सला मात्र बंद वळसा लागतो. म्हणून भाच्याने पठारावरून फिरून खाली येणारा काल्पनिक रस्ता जोडला होता. जुन्या फाइलमध्ये सगळी जमाखर्चाची चूक त्याने शेवटच्या तुकड्यात लोटली होती: सुरुवातीच्या रेषेच्या अलीकडे ११ मीटर त्रिज्येचं एक चिमुकलं वळण. दर फेरीला गाडी तिथे आपटायची. नव्या फाइलमध्ये वळणं बदलल्यावर टोक सुरुवातीपासून ३१ मीटर लांब पडलं. एक वळण हललं की त्याच्या पुढचा अख्खा घाट हलतो.

आधी कोन जुळवले. डावी वळणं वजा उजवी वळणं बरोबर ३६० यायला हवीत. येत होती ३५७. पठारावरच्या मोठ्या, उघड्या वळणात ३ अंश घातले, तिथे ते कोणाला खुपत नाहीत. कोन पक्के झाल्यावर एकाही वळणाला हात लावला नाही. एकमेकांशी साधारण काटकोनात असलेले दोन सरळ रस्ते निवडले, एक पूर्वेकडे जाणारा, एक दक्षिणेकडे. पहिला लांबवला की टोक पूर्वेला सरकतं, दुसरा लांबवला की दक्षिणेला. दोन अज्ञातं, दोन समीकरणं, दहावीचं बीजगणित. तीन प्रयत्नांत टोक जुळलं. मग उंची: सगळे चढ-उतार मिळून शून्य, आणि शेवटच्या तुकड्याचा चढ पहिल्याएवढा. ही दुसरी अट विसरली, तर उंची जुळूनही सुरुवातीच्या रेषेवर गचका बसतो.

आता फाइलमध्ये ५८ तुकडे आहेत. रोबो कुठेही उगाच थांबत नाहीत. आबांनी शेजारी बसून दोन फेऱ्या पाहिल्या. चालवायला मी सुचवलं, त्यांनी नकार दिला. “रस्ता डोयाघाई नही समजस, गाडीमा बठीसन समजस,” असं ते नेहमी म्हणतात, आणि त्या दोन फेऱ्यांत प्रत्येक वळणाला ते खुर्चीत किंचित कलत होते, हे मी पाहिलं.

एक गोष्ट भाच्याला बोचत होती. रस्ता इतका गुळगुळीत झाला की तो घाट वाटेना. त्याने पुन्हा उंचीचे तुकडे पाडायला घेतले, तेव्हा मी थांबवलं. खडबडीतपणा रस्त्याच्या आकारात घालायचा नसतो, पृष्ठभागात घालायचा. टॉर्क्समध्ये प्रत्येक पृष्ठभागाला खडबडीची उंची आणि तिच्या लाटेची लांबी देता येते. डांबराची एक नवी जात त्याने तयार केली, काही मिलिमीटरची, आणि ती चढावरच्या दोनच पट्ट्यांना दिली. आता तिथे चाकं थरथरतात, पण गाडी रेषा सोडत नाही.

पुढच्या सुट्टीत तोरणमाळचा सातपायरी घाट करायचा त्याचा बेत आहे. पण त्याआधी या फाइलमध्ये आबांची एक मागणी बाकी आहे. दुसरी फेरी संपल्यावर त्यांनी पडद्याकडे बोट करून विचारलं होतं, “पानी कोठेन जाई?” डोंगराकडच्या बाजूला गटार नाही, ओढ्याच्या जागी मोरी नाही. या खेळात पाऊस रस्ता वाहून नेत नाही, हे भाच्याने त्यांना समजावलं. ते काही बोलले नाहीत. रात्री मी पाणी प्यायला उठलो तेव्हा तो लॅपटॉप उघडून बसला होता आणि डोंगराकडच्या बाजूपट्टीला दीड मीटर रुंदी देऊन, एकेका तुकड्यापाशी थांबत, २०२१ मध्ये पाणी कुठून आलं होतं ते आठवत होता.